अकराशे ग्रॅम तांदूळ : टोपणनावाने लिहिलेल्या एका लेखाचं प्रकरण

आधी एक खुलासा. ज्या शिक्षिकेचं हे प्रकरण आहे त्यांची परवानगी घेऊन लिहितो आहे. जिल्हा आणि तालुका सांगत नाही. पट, गावाच्या खुणा, काही दिवस मुद्दाम बदलले आहेत; हिशेब मात्र जुळेल असा ठेवला आहे, कारण सगळं प्रकरण एका हिशेबावरच फिरलं. मसुदा त्यांना फोनवर वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांनी थांबवलं, ती वाक्यं काढली. त्यांना इथे नुसतं ‘बाई’ म्हणतो. गावातही त्यांना सगळे तसंच म्हणायचे.

पार्श्वभूमी

आमचा गट पस्तीस-चाळीस जणांचा. मराठीतून, पुरोगामी बाजूने राजकारणावर लिहिणारे आणि ते लेखन इंटरनेटवर एका जागी छापणारे. मानधन कुणालाच नाही. लेख निवडायला आणि तपासायला चौघे: मी पुण्यात, मुद्रितशोधनावर पोट भरणारा, आप्पा, बँकेतून निवृत्त, उमेदीची सगळी वर्षं युनियनमध्ये घालवलेले, एक वकील मैत्रीण, आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला जुना मित्र, जो सर्व्हरचा खर्च गुपचूप भरतो.

आमची एक जुनी खंत होती. लिहिणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, फार तर नाशिक-कोल्हापूरचे. शेतकरी, शिक्षक, अंगणवाडी ताई या सगळ्यांवर आम्ही भरभरून लिहायचो. त्यांच्यातलं कुणी आमच्याकडे लिहीत नव्हतं. ‘फुरोगामी’ म्हणून हिणवणाऱ्यांचा हाच मुद्दा असायचा आणि तो आम्हाला झोंबायचा, कारण त्यात तथ्य होतं.

2023 चा सप्टेंबर आठवा. 6 तारखेला बाह्ययंत्रणेमार्फत, म्हणजे खासगी कंपन्यांमार्फत, कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला. 18 तारखेला शाळा देणगीदारांना दत्तक देण्याची योजना आली. 21 तारखेला शिक्षण आयुक्तालयाचं पत्र निघालं: वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा अनेक शाळांची मिळून एक शाळा, उभारण्याचे प्रस्ताव ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाठवा. अशा शाळा राज्यात 14,783, त्यातली मुलं 1,85,467 आणि शिक्षक 29,707. नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत. पंधरा दिवसांत तीन कागद आले आणि शिक्षकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटले.

त्याच आठवड्यात बाईंचा लेख आला. आला म्हणजे सात-आठ तुकड्यांत आला. त्यांच्या गावात रेंज शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळच मिळते, तिथे उभं राहून त्यांनी तो मोबाईलवर टाईप केला होता. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट अकरा. वस्ती आणि शाळा यांच्यामध्ये ओढा. लेखाला त्यांनी दिलेलं नाव होतं, ‘ओढा उतरला की शाळा’.

त्यात एक परिच्छेद होता. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला मुलामागे रोज 100 ग्रॅम. स्वयंपाकी मावशी हजेरी झाल्यावर वजनकाट्यावर तांदूळ घेतात. काटा अकराशे ग्रॅमवर थांबला की सगळे आले. आठशेवर थांबला की पलीकडच्या वाडीची तीन मुलं ओढ्याच्या त्या काठाला अडकली. ‘मी खिडकीतून ओढा बघत नाही, काटा बघते,’ असं बाईंनी लिहिलं होतं. समूह शाळा झाली तर ही मुलं रोज किती ओढे ओलांडतील, एवढंच त्यांना विचारायचं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी, हेही त्यांनी शेवटी नोंदवलं होतं.

आम्ही हरखून गेलो. दुसऱ्या दिवशीच छापायचं ठरलं.

बाईंची एकच अट होती, नाव नको. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 1967 चे वर्तणूक नियम लागू असतात आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका केली तर नोकरीवर बालंट येऊ शकतं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आप्पांनी त्यांना धीर द्यायला लोकहितवादींचा दाखला दिला. तेसुद्धा सरकारी नोकरीत असताना 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये टोपणनावाने पत्रं लिहीत होते. बाई हसून म्हणाल्या, “आप्पा, त्यांच्या तालुक्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नव्हता.”

पुढच्या सगळ्या घोळाचं निदान त्या एका वाक्यात होतं. आम्ही ते विनोद म्हणून घेतलं.

नेमकं काय चुकलं

रात्री साडेअकराला मी लेख हातावेगळा केला. बाईंचं नाव काढलं, गावाचं काढलं, तालुक्याचं काढलं. ‘पट अकरा’ हे शब्द काढून ‘मूठभर मुलं’ केलं आणि आपण फार सावध आहोत असं वाटून झोपलो.

तांदूळ तसाच राहिला. अकराशे भागिले शंभर. शिक्षकी पेशातल्या कुणालाही हा भागाकार कागदावर करावा लागत नाही.

दुसरी खूण मराठीनेच उघडी ठेवली होती. ‘मी पोचले’, ‘मी बघते’. नाव झाकून काय उपयोग, आपल्या भाषेत क्रियापदच सांगतं की लिहिणारी बाई आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या क्रियापदांवरून पेन्सिल फिरवणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याची लाज अजून वाटते.

तिसरी चूक सगळ्यात मोठी, आणि तीही माझीच. बाईंचं शीर्षक मला मवाळ वाटलं. मी ते बदलून ‘14,783 शाळांना टाळं!’ केलं. आयुक्तालयाच्या पत्रात शाळा बंद करण्याचा निर्णय नव्हता, प्रस्ताव मागवले होते. त्या प्रस्तावांचा शेवट शाळा बंद होण्यातच होईल ही आमची भीती होती आणि ती अवाजवी नव्हती. पण भीती निर्णयाच्या भाषेत मांडली की ती चुकीची माहिती होते. बाईंच्या लेखात असं एकही वाक्य नव्हतं. शीर्षक बदलल्याचं मी त्यांना विचारलं तर नाहीच, कळवलंही नाही.

लेख छापून आला आणि दोन दिवसांत त्याची छायाचित्रं त्यांच्याच तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर फिरली. शाळांचे पट यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीकोशात, असतात; आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या मोबाईलमध्ये तालुक्याची यादी असतेच. अकरा पटाच्या शाळा निघाल्या चार. त्यात महिला शिक्षक असलेल्या दोन. त्यातल्या एकीसमोरच ओढा. कुणीतरी बाईंच्या नावापुढे हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. कौतुकानेच टाकलं असणार. चौथ्या दिवशी एका राजकीय कार्यकर्त्याने तीच छायाचित्रं तक्रारीसोबत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दिली. सहाव्या दिवशी बाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली.

नोटिशीचा आशय असा: शासनाच्या धोरणाबद्दल दिशाभूल करणारा मजकूर पसरवला, तरी शिस्तभंगाची कारवाई का करू नये याचा खुलासा तीन दिवसांत द्यावा. लेखाची प्रत जोडलेली होती. त्यावर लाल पेनाने एकच ओळ अधोरेखित केली होती. शीर्षक.

समोर असलेले पर्याय

त्या रात्री आम्ही चौघे फोनवर बसलो. पहिला अर्धा तास बाईंना जोडून घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण बैठकीतल्या वादाचा रंग त्यातूनच आला.

कॅलिफोर्नियातला मित्र तावातावाने म्हणाला, लेख आहे तसा राहू दे. “आज एक काढला की उद्या कुणीही येऊन काढायला लावेल.” तत्त्व म्हणून यात खोट नव्हती. फक्त ते बोलणाऱ्याला गटशिक्षणाधिकारी नव्हता.

आप्पांना लढाई हवी होती. बाईंनी नाव जाहीर करावं, संघटनेने पाठीशी उभं राहावं, वर्तमानपत्रांत बातमी यावी. शिक्षकांमध्ये संताप होताच. कंत्राटी भरतीचा निर्णय ऑक्टोबरमध्ये सरकारला मागे घ्यावाच लागला, इतकं वातावरण तापलेलं होतं. त्यात एका बाईची नोटीस ठिणगी ठरली असती. मला ही कल्पना अर्धा तास पटली होती.

माझा स्वतःचा कल लेख मुकाट काढून टाकण्याकडे होता. अपराधी माणसाला पहिली पुसापुशीच सुचते.

वकील मैत्रिणीने तिघांनाही अडवलं. लेख एकदम गायब केला तर पुरावा नष्ट केल्यासारखं दिसेल, आणि छायाचित्रं फिरतच राहणार. तसाच ठेवला तर शीर्षकातली चूक रोज नव्याने केल्यासारखी होईल. नाव जाहीर करायचं की नाही हा प्रश्न आपला नाहीच. कायदा बाईंच्या बाजूने काही प्रमाणात बोलतो, हे तिने सांगितलं: सरकारी कर्मचाऱ्यानेही आपली राजकीय मतं बाळगणं आणि नियमांच्या चौकटीत ती मांडणं हा त्याचा हक्क आहे, असं त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये म्हटलं आहे. ते प्रकरण निवृत्तीला काही दिवस उरले असताना निलंबित झालेल्या एका महिला कर्मचाऱ्याचं होतं. “पण दुसऱ्या राज्याच्या हायकोर्टाचा निकाल खिशात घालून बाईंनी उद्या पंचायत समितीत जायचं का?” असं तिनेच वर विचारलं.

मग कुणीतरी म्हणालं, बाईंना विचारू या.

बाई टाकीजवळ उभ्या होत्या. मागे बेडूक ओरडत होते. त्यांनी सगळे पर्याय शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “सर, ते शीर्षक कुणी दिलं?” मी सांगितलं. बराच वेळ फोनवर फक्त बेडूक. मग त्या म्हणाल्या, “मला हुतात्मा व्हायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. मुलांची सहामाही परीक्षा आहे. काय करायचं ते या दोन्हीच्या मधलं सांगा.”

काय केलं

वकील मैत्रिणीने त्या ‘मधल्या’ वाटेचा खुलासा बाईंच्या वतीने तयार केला: लेखावर माझं नाव नाही. तक्रारीची प्रत मला मिळालेली नाही, ती मिळावी. लेख मी लिहिला असं कोणत्या आधारावर म्हटलं आहे ते कळवावं. ते मिळाल्यावर सविस्तर खुलासा करीन. लेखिका मी नाही, असं त्यात कुठेही नव्हतं. मी आहे, असंही नव्हतं. अर्ध्या पानाचा तो कागद बाईंनी स्वतःच्या अक्षरात उतरवून काढला, पंचायत समितीच्या आवक शाखेत दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून पुन्हा मारून घेतला.

आमच्या बाजूने लेख ठेवायचा, पण दुरुस्त करून, असं ठरलं. शीर्षक बाईंचं मूळ दिलं. वर टीप टाकली: आधीचं शीर्षक चुकीचं होतं, पत्रात प्रस्ताव मागवले आहेत, बंद करण्याचा निर्णय नाही; ते शीर्षक संपादकांनी दिलं होतं, लेखाशी त्याचा संबंध नाही. टीपेचा पहिला मसुदा आप्पांनी लिहिला होता. त्यात होतं, ‘लेखिकेने दिलेले नाही’. छापायच्या आधी दहा मिनिटं वकील मैत्रिणीची नजर पडली. नोटीस हातात असतानासुद्धा लिहिणारी बाई आहे हे उघड करायची तीच चूक आम्ही पुन्हा करणार होतो.

याच दरम्यान त्या कार्यकर्त्याची आम्हालाही मेल आली. इंटरनेटवरच्या मजकुराला लागू होणाऱ्या 2021 च्या आयटी नियमांचा हवाला देऊन लेखकाचं नाव आठ दिवसांत कळवा, अशी मागणी. त्या नियमांत तक्रारीवर पंधरा दिवसांत निर्णय घ्या, असं होतं. तक्रारदाराला लेखकाचं नाव द्या, असं नव्हतं. शिवाय बातम्या-लेख छापणाऱ्यांना आचारसंहितेने बांधणारी त्यातली महत्त्वाची कलमं, 9(1) आणि 9(3), मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये स्थगित केली होती. त्या वेळी न्यायालयात गेलेल्यांमध्ये पत्रकार निखिल वागळे होते. आम्ही दोन ओळींचं उत्तर दिलं: शीर्षकाची चूक दुरुस्त केली आहे, लेखाची जबाबदारी संपादक मंडळाची आहे, नाव देणार नाही.

लेख निवडून, तपासून, शीर्षक देऊन छापणारा ‘आम्ही फक्त जागा देतो’ असं म्हणू शकत नाही, हेही त्या निमित्ताने आम्हाला पहिल्यांदा नीट समजावण्यात आलं.

आणखी एक गोष्ट उघड झाली, जिची वाच्यता झाली नाही म्हणून वाचलो. बाईंचा नंबर आणि मूळ लेख ज्या सामायिक मेल खात्यात होता, त्याचा पासवर्ड गट सोडून गेलेल्या दोघांकडे अजून होता. त्यांतला एक आमच्याशी भांडून गेलेला.

निष्पत्ती

बाईंच्या खुलाशाला उत्तर आलं नाही. तक्रारीची प्रत मिळाली नाही, पुढची नोटीसही नाही. शिक्षक संघटनेचे एक पदाधिकारी साहेबांना भेटून आले. प्रकरण दप्तरी दाखल झाल्याचं तोंडी कळलं. आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं. आप्पांनी पेढ्यांचा फोटो टाकला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली आणि बाईंना तोंडी आदेशाने ‘कामगिरीवर’, म्हणजे तात्पुरत्या कामासाठी, केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत) पाठवलं. कारण विचारलं तर तिथे शिक्षक कमी आहेत. ते खरंही होतं. पट कमी असलेल्या शाळेतला एक शिक्षक असा हलवणं नेहमीचंच, त्यामुळे लेखाशी त्याचा संबंध होता असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. बाई म्हणतात, होता. आप्पा म्हणतात, शंभर टक्के होता.

बाई उरलेलं वर्ष रोज केंद्रशाळेत जात राहिल्या. घरापासून ती जवळच होती, त्यांची गैरसोय झाली नाही. ओढ्याकाठच्या शाळेत चार इयत्तांना एकच गुरुजी उरले. गुरुजी निवडणुकीच्या किंवा माहिती भरायच्या कामाला गेले की मावशी मुलांना बसवून ठेवायच्या. बाई जूनमध्ये परतल्या तेव्हा दोन मुलं व्हॅनने इंग्रजी शाळेत जायला लागली होती. अकराशेचे नऊशे झाले.

2025 मध्ये त्यांची रीतसर बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात. म्हणून आता हे लिहिता येतं.

वेगळं काय करता आलं असतं

शीर्षकाबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. लेखकाला न दाखवता शीर्षक बदलायचं नाही, हा नियम आम्ही केला. तो आधीच असायला हवा होता.

ओळख झाकण्याबद्दल थोडं सविस्तर. आता असा लेख आला की आम्ही तो त्याच पेशातल्या, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला देतो आणि सांगतो, लिहिणारा शोधून दाखव. पहिल्याच खेपेला एका आशा ताईचा लेख अशा वाचणाऱ्या दुसऱ्या एकीने पाच मिनिटांत ‘उघडला’. धागा होता लसीकरणाच्या वाराचा. हे पुण्यात बसून आम्हाला सात जन्मात कळलं नसतं. क्रियापदांचा प्रश्न मात्र पूर्ण सुटत नाही. ‘मी पोचले’चं ‘मी पोचलो’ करणं मला खोटं वाटतं. ‘आम्ही पोचलो’ चालतं, पण मग लेख अध्यक्षीय भाषणासारखा वाजायला लागतो. लेखकाला विचारून ठरवतो.

‘नाव जाहीर करून लढा’ हा आप्पांचा पर्याय चूक होता का? मला अजून सांगता येत नाही. बाईंचं नाव उघड झालं असतं, तर कदाचित त्यांना कामगिरीवर पाठवायची कुणाची हिंमत झाली नसती. असंही होतं. आप्पा दर भेटीत हे काढतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं. एवढं खरं की ते ठरवायचं ज्याचा पगार अडकतो त्याने, आणि आम्ही अर्धा तास त्यांच्याशिवाय ठरवत बसलो होतो.

आज हेच प्रकरण घडलं असतं तर वाट आणखी अरुंद असती. 28 जुलै 2025 च्या शासन निर्णयाने सरकारी, निमसरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही समाजमाध्यमांवर राज्य किंवा केंद्र सरकारच्या धोरणांवर टीका करायला मनाई केली आहे. आता शिक्षकाचा लेख आला तर आम्ही आधी तो निर्णय त्यांच्यापुढे ठेवतो. निम्मे लोक तिथूनच परत जातात. त्यांना थांबवणं बरोबर की नाही, यावर चौघांत दोन-दोन मतं आहेत.

बाईंचा लेख अजून आहे, त्यांच्या मूळ शीर्षकाखाली. त्यातून फक्त तांदळाचा परिच्छेद काढला. तसे सगळे तपशील बदलून तो ठेवता आला असता, पण त्या रात्री कुणाला धीर झाला नाही. लेखात सगळ्यात चांगला तोच होता.